विटांच्या मागचे गेम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढची बरीच वर्षं वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्यात ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की हातात मावणारं एकच यंत्र डोळ्यांपुढे यायचं. वर राखाडी पडदा, खाली दिशांची चार बटणं, उजवीकडे एक मोठं गोल बटण, पाठीत दोन पेन्सिल सेल आणि कपाळावर ‘9999 इन 1’. कुणी शेगावहून दर्शन करून येताना आणलेलं, कुणी अकोल्याहून. विटांचा गेम, म्हणजे टेट्रिस, त्यात सगळेच खेळले. एका ओट्यावर चार पोरं, मध्ये यंत्र, आणि “तुही पाळी झाली न बे, आन इकडे” हा घोष. त्यात प्रत्येक गेमला एक अक्षर असे. पण बटण दाबून विटांच्या मागची अक्षरं पाहणारे थोडे होते, आणि पाहून तिथेच रमणारे त्याहून थोडे. माझ्या मते त्या यंत्रातलं सगळ्यात अस्सल काम त्या मागच्या अक्षरांत आहे.

जगात जुन्या हातातल्या गेमांचे शौकीन गेमबॉयमधली विसरलेली रत्नं शोधतात. निन्टेंडोचा गेमबॉय 1989 मध्ये आला. 1996 चा ‘मोल मेनिया’ हा त्याच्यावरचा चिचुंद्रीसारख्या प्राण्याचा, जमिनीच्या वर आणि खाली चालणारा कोड्यांचा गेम. मारिओच्या जनकाचं, शिगेरू मियामोतोंचं नाव त्याच्याशी जोडलेलं असूनही तो मागे पडला. आता लोक तो शोधून खेळतात. हे व्हायलाच हवं. पण गेमबॉय आमच्याकडे कुणाच्या हातात पाहिल्याचं मला आठवत नाही. आमचा वारसा हा विटांचा डबा आहे, आणि त्याचंही कुणीतरी नीट वाचन करायला हवं.

आधी पडदा पाहू. आडवे दहा आणि उभे वीस, असे दोनशे चौकोन. डोळ्यांजवळ धरला तर कळतं की प्रत्येक चौकोन म्हणजे बाहेर एक बारीक चौकट आणि आत एक भरीव ठिपका. तो एक तर काळा होतो, नाही तर होत नाही. मधली छटा नाही. गेमबॉयच्या पडद्यावर 160 गुणिले 144, म्हणजे तेवीस हजार चाळीस ठिपके आणि चार छटा. त्यापुढे दोनशे म्हणजे काहीच नाही. उजव्या बाजूला गुण, वेग आणि लेव्हलचे आकडे, शिवाय चार बाय चारची एक छोटी चौकट. विटांमध्ये त्या चौकटीत पुढची वीट दिसते, बाकीच्या गेममध्ये उरलेले जीव.

एवढ्याशा जागेत गाडी कशी काढायची? वर एक चौकोन, त्याखाली तीन, त्याखाली पुन्हा एक, आणि शेवटी मधली जागा सोडून दोन. सात चौकोनांत बोनेट, पुढची चाकं, धड आणि मागची चाकं. बैठकीच्या भिंतीवर काचेत लावलेल्या मॅटीच्या भरतकामात मोजक्या टाक्यांत मोर उभा राहतो, तसंच हे. गाडी जागची हलत नाही, फक्त डावा किंवा उजवा पट्टा धरते. धावतात ते कडेचे तुटक कठडे. तरी मोठं बटण दाबून ठेवलं की पोटात गोळा येतो. रणगाड्याच्या गेममध्ये तीन बाय तीनच्या जागेतून एक चौकोन पुढे काढला की ती नळी झाली. तिथे दिशेचं बटण एकदा दाबलं की रणगाडा आधी वळतो, मग चालतो. या वळण्यात जाणारा क्षण हाच खरा गेम आहे. शत्रू कडेने येतो तेव्हा तुमचं तोंड कुठे आहे, यावर सगळं ठरतं. बेडकाचा गेम मला तितका लागला नाही. त्यात बेडूक म्हणजे लुकलुकणारा एकच चौकोन; ओंडक्यांच्या गर्दीत तो हरवू नये म्हणून लुकलुकतो, ही युक्ती मात्र दाद देण्यासारखी.

माझा जीव जडला तो बंदुकीच्या गेमवर. बंदुकीचे गेम त्यात दोन आहेत. पहिल्यात वरून विटांच्या रांगा सरकत खाली येतात, तुम्ही तळाशी डावी-उजवी फिरणारी बंदूक घेऊन त्या फोडायच्या. बटण बडवत राहिलं तरी निभतं. दुसरा दिसायला अगदी तोच. तीच बंदूक, त्याच रांगा, तोच टिक-टिक आवाज. फरक एवढाच की गोळी वीट फोडत नाही, वीट होऊन चिकटते. वरून येणाऱ्या रांगांत भोकं असतात. ती गोळीने बुजवायची, रांग भरली की नाहीशी होते.

एकच नियम फिरवला आणि सगळं उलटलं. पहिल्या गेममध्ये ज्या सवयीने तुम्ही जिंकता, तीच इथे तुम्हाला बुडवते. चुकीच्या जागी सुटलेली गोळी वाया जात नाही. ती सगळ्यात खालच्या विटेला जाऊन चिकटते आणि तिथून एक नवी रांग सुरू होते, तीही आता तुम्हालाच भरायची. शिवाय वरच्या रांगेतल्या भोकाखाली खालच्या रांगेची वीट आली असेल, तर त्या भोकापर्यंत गोळी पोचतच नाही. आधी खालची रांग पुरी करा, ती नाहीशी होऊ द्या, मग वरची उघडी पडेल. म्हणजे हात चालवण्याआधी क्रम लावावा लागतो, आणि तोवर रांगा सरकतच असतात. वेग वाढला की एक विचित्र शांतपणा लागतो: एका रकान्यात एकच गोळी, मग बोट उचलायचं. ज्या पोराला विटांमध्ये कुणी हरवू शकत नसे, ते इथे पहिल्या मिनिटात आउट झालेलं मी पाहिलंय. आणि एरवी पाळी न मिळणारं शांत पोर इथे तासभर टिकायचं.

मूळ विटांचा गेमही कमी साधनांतूनच आला. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीत टेट्रिस लिहिला, तो इलेक्ट्रॉनिका 60 या संगणकावर. त्याला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून विटा कंसांच्या जोड्यांनी मांडल्या. गेमबॉयमागचे गुनपेई योकोई सांगत की जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याला नवी वाट दाखवावी. आमच्या डब्याने ते टोकाला नेलं. अशा डब्यांच्या काही मॉडेलमध्ये तैवानच्या होल्टेक कंपनीची चार बिटांची चिप असे, साध्या घरगुती यंत्रांच्या लायकीची. पाजित्नोव, योकोई ही नावं इतिहासात आली. गोळीची वीट करणाऱ्याचं नाव पडद्यावर नव्हतं, डब्यावर नव्हतं, खोक्यावरही नव्हतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

9999 हा आकडा म्हणजे मोजकेच गेम, त्यांचे थोडे थोडे फरक आणि वेग-लेव्हलचे गुणाकार. पण त्या फुगवट्यामुळेच चांगले गेम झाकले गेले. दहा अक्षरं दाबून सारखंच दिसलं की माणूस कंटाळून विटांकडे परत येतो.

हा डबा वऱ्हाडाला मानवला, यालाही कारण होतं. टीव्हीला जोडायचे गेम लोडशेडिंग आलं की बंद. याला वीज नको. मात्र पडद्याला स्वतःचा उजेड नसल्याने दिवस हवा, ओटा हवा. मे महिन्यात उन्हात विसरला की पडदा काळाभोर व्हायचा, सावलीत आणून ठेवला की परत उजळायचा. सेल उतरले की ते काढून उन्हात ठेवायचे किंवा दातांनी दाबायचे, आणि अजून थोडं खेळायला मिळायचं. पण सेल काढले की हायस्कोर पुसला जायचा, म्हणून काही घरांत तो वहीच्या मागच्या पानावर तारखेसह उतरवलेला असे.

घरात असा डबा सापडलाच तर सेलच्या खोबणीतली हिरवी-पांढरी बुरशी आधी पुसून घ्या. पत्रे चमकले की बहुतेक वेळा तो चालू होतो. सुरुवातीला अक्षर आणि त्या गेमची छोटी हलती झलक दिसते. अक्षरांचा क्रम प्रत्येक मॉडेलात वेगळा, त्यामुळे झलकच पाहायची: बंदुकीतून सुटलेला ठिपका वर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला, की समजा हाच तो. वेग शून्य ठेवा, आवाज चालू राहू द्या.