देखणी नदी आणि माय चंद्रभागा



कार्तिकीला निघायची माझी पिशवी भरून झाली होती. दिवाळीला आलेली भाची अजून मुक्कामाला होती. ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात नोकरी करते. पिशवीतली वीणेकऱ्याची नवी उपरणी पाहत ती म्हणाली, "मामा, आमच्याकडेही नदीचा एक उत्सव भरतो. चित्रपटांचा. लांबून लांबून लोक येतात."

मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "आमच्याकडे तर शेकडो वर्षे भरतोय."

"हो ना. मग त्यात नदीबद्दल काय बोलतात?"

मी तोंड उघडले, आणि उत्तर सापडेना. विठुरायाबद्दल बोलतो, संतांबद्दल बोलतो, चंद्रभागेत स्नान करतो, तिचे तीर्थ घरी आणतो. पण नदीबद्दल काय बोलतो? पंढरीच्या वाटेवर हा प्रश्न सुटला नाही, म्हणून आज वाचक माउलींपुढे मांडतो आहे.

आधी त्या उत्सवाविषयी. नाव आहे 'वाइल्ड अँड सीनिक फिल्म फेस्टिव्हल'. सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी नेवाडा सिटी नावाचे छोटे गाव आहे, तिथे तो भरतो. या मुलुखातून युबा नदी वाहते. एकोणिसाव्या शतकात इथे सोने सापडले आणि नदीचे हाल सुरू झाले. पाण्याचे प्रचंड फवारे मारून अख्खे डोंगर धुऊन काढले, सोने उचलले आणि गाळ नदीत लोटला. खालच्या शेतकऱ्यांची शेते त्या गाळात बुडाली. ते न्यायालयात गेले आणि 1884 साली न्यायाधीश सॉयर यांनी नदीत असा गाळ सोडायला बंदी केली. सोने वेगळे करायला वापरलेला पारा मात्र त्या पाण्याच्या गाळात आजही आहे.

पुढे याच नदीवर नवी धरणे बांधायचे बेत निघाले. तेव्हा 1983 साली गावकऱ्यांनी 'साऊथ युबा रिव्हर सिटिझन्स लीग' ही संघटना उभी केली. सोळा वर्षे त्यांनी नेट सोडला नाही. 1999 साली कॅलिफोर्निया राज्याने दक्षिण युबाच्या 39 मैलांच्या प्रवाहाला कायद्याचे संरक्षण दिले. त्या विजयाच्या आनंदातून 2003 साली हा महोत्सव सुरू झाला. गावात 1865 साली बांधलेले जुने नाट्यगृह आहे, त्यातही चित्रपट दाखवतात. नंतर हेच चित्रपट गावोगावी फिरतात.

इथवर ऐकून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. आपल्याकडे वारीला फळ मागायचे नसते. त्यांनीही आधी नेम धरला. फळ सोळा वर्षांनी आले.

पण महोत्सवाच्या नावापाशी मन अडखळले. 'वाइल्ड अँड सीनिक' म्हणजे स्वैर आणि देखणी. हे शब्द 1968 सालच्या अमेरिकी कायद्यातले आहेत. नदी राखायची ती ती मोकळी वाहते आणि पाहायला सुंदर आहे म्हणून! जी देखणी नाही, शहराच्या मागच्या अंगाने काळी होऊन वाहते, तिचे काय? भाची सांगत होती, महोत्सवात कितीतरी चित्रपट डोंगर चढणाऱ्यांचे, होडीतून खळाळत्या पाण्यात उड्या घेणाऱ्यांचे असतात. पाहताना डोळे निवतात. नेवाडा सिटीच्या माणसाला त्यामागची लढाई ठाऊक आहे. चित्रपट संपला की तो आपल्याच नदीकाठाने घरी जातो. तोच चित्रपट हजार मैलांवरच्या गावात लागला तर मागची नदी गळून पडते आणि पडद्यावर नुसता देखावा उरतो. आणखी एक गोष्ट. या भूमीचे मूळ रहिवासी निसेनान लोक. 1964 साली अमेरिकी सरकारने त्यांच्या जमातीची मान्यता काढून घेतली. ज्यांच्या पूर्वजांनी ही नदी राखली त्यांचेच नाव कागदावरून पुसले गेले. नदीच्या उत्सवात त्यांना मानाचे पान मिळते का, ही त्या उत्सवाची खरी परीक्षा आहे.

या जातीच्या चित्रपटांचा नमुना म्हणून भाचीने मला घरीच 'डॅमनेशन' दाखवला. बेन नाइट आणि ट्रॅव्हिस रमेल यांचा हा 2014 सालचा माहितीपट. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर 1913 आणि 1927 साली दोन धरणे झाली. सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीकडे निघतो. एल्व्हाच्या सामनांना शंभर वर्षे धरणाच्या भिंतीवर डोके आपटून परत फिरावे लागले. वारीची वाट मध्येच भिंत घालून बंद करावी, तसे. 2011 साली ती धरणे पाडायला सुरुवात झाली. मासे पुन्हा वरच्या पाण्यात आले. ते पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करतो.

त्याच नदीकाठी क्लॅलम लोक राहतात. आपली उत्पत्ती जिथे झाली असे ते मानतात ती जागा धरणाच्या पाण्याखाली गेली होती. जलाशय ओसरल्यावर 2012 साली ती पुन्हा दिसली. हे वाचले तेव्हा मला इंदापूर तालुक्यातले पळसदेव आठवले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर उजनीच्या पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की वर येते, आणि लोक धावत दर्शनाला जातात.

चित्रपट चांगला आहे. तरी दोन उणिवा सांगतो. निर्मिती बाहेर भटकंती करणाऱ्यांचे कपडे विकणाऱ्या कंपनीची आहे. चित्रपट ते लपवत नाही. पण त्यामुळे नदी पुष्कळदा खेळाचे मैदान होऊन जाते. होडीवाल्याचा आनंद मोठा दिसतो, काठावर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्याचा आवाज येतो तो मला अपुरा वाटला. दुसरे असे की, धरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांची तो जरा चेष्टा करतो. जुनी आणि निरुपयोगी झालेली धरणेच काढा, एवढेच त्याचे म्हणणे आहे, हे खरे. पण आपल्या दिंडीतला अर्धा समाज शेतकरी. उजनीचे पाणी रानात आले म्हणून ज्याच्या घरची चूल पेटली, त्याला धरण ही हसण्याची गोष्ट वाटत नाही. त्याचे म्हणणे नीट ऐकून घेतले असते तर चित्रपटाचा मुद्दा अधिकच पक्का झाला असता.

नदी पडद्यावर कशी यावी याचा एक धडा आपल्या घरातच आहे. प्रभातचा 1936 सालचा 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. त्यात इंद्रायणी कुठेही शोभेसाठी येत नाही. तुकोबांच्या गाथेच्या वह्या तिच्या स्वाधीन होतात, ती त्या सांभाळते आणि परत देते. नदी तिथे विश्वासाची ठेव राखणारी आहे. देखणी आहे की नाही, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही.

आता अवघड भाग. ज्या इंद्रायणीने वह्या राखल्या तिच्यावर आळंदीत पांढरा फेस तरंगतो. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी तिच्यात येते. आपण तो फेस बाजूला सारून डुबकी मारतो, कानाला हात लावतो आणि पुढे निघतो. दोष नदीला देत नाही, हे आपले मोठेपण. पण दोष कुणालाच देत नाही, हे मोठेपण म्हणावे का?

या वाटेचा नकाशा एकदा मनात आणा. माउलींची पालखी आळंदीहून रस्त्याने निघते. त्याच आळंदीहून इंद्रायणीचे पाणीही निघते. तुळापूरला ते भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते, उजनीतून सुटते आणि पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा होते. म्हणजे इंद्रायणीही आपल्याबरोबर पंढरीलाच चालली आहे. तिची वारी बारमाही आहे. आळंदी-देहूच्या वर जे तिच्या पदरात टाकले जाते, त्यातले किती वाटेत मुरते नि किती पंढरीला पोचते, हा भाग वेगळा. पण पुंडलिकाच्या दारात आपण ज्या पाण्यात उतरतो, त्यात आपल्याच गावांचे पाणी आहे. भाचीने मग तिकडचा नकाशा सांगितला: युबा फेदर नदीला मिळते, फेदर सॅक्रामेंटो नदीला, आणि ती हिच्या शहराजवळून वाहते. वरच्या गावाने नदी राखली, म्हणून खालच्या गावाने त्याचे आभार मानायचे. गोष्ट तिकडेही तीच, इकडेही तीच.

आपल्याकडे काहीच होत नाही असे नाही. 'पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी' हा कलापथकाचा उपक्रम पालखीबरोबर चालतो, भारूड-कीर्तनातून पाण्याविषयी बोलतो. पण मुक्कामावर तो पाहून आपण म्हणतो, "छान झालं हो," आणि जेवायला बसतो. नेवाडा सिटीच्या प्रेक्षकाला मी देखाव्याचा दोष दिला. इथे आपणही प्रेक्षकच झालो की!

संतांनी नुसत्या बाहेरच्या स्नानाला कधी फार मोल दिले नाही. मन धुतले जात नसेल तर अंग धुऊन काय मिळवलेत, असेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाला आज एक पोटप्रश्न जोडावा लागेल: मन धुऊन निघाल्यावर नदीत काय सोडलेत? परवा कार्तिकीला वाळवंटात उभा होतो. स्नान करून वर आलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी अंगावरचे जुने लुगडे पाण्यात सोडले. पाप सोडल्याचा भाव त्यांच्या तोंडावर होता. त्यांच्या भावाला मी नाव ठेवणार नाही. पण ते लुगडे चार हात पुढे जाऊन काठाच्या चिखलात अडकले, तिथे आधीच पाच-पंचवीस लुगडी-धोतरे अडकलेली होती.

त्यांनी नदीला देखणी म्हटले आणि राखली. आपण तिला माय म्हणतो. आपला शब्द फार मोठा आहे. त्याचे ऋणही तेवढेच मोठे आहे.

मी आमच्या दिंडीप्रमुखांना एवढेच विनविले, की काल्याच्या कीर्तनात दोन वाक्ये नदीसाठी ठेवा. जुनी वस्त्रे, निर्माल्य, पत्रावळी पात्रात जाणार नाहीत, हा दिंडीचा नेम करा. आणि परतल्यावर ज्याच्या त्याच्या गावचा ओढा कुठून घाण होतो ते ग्रामसभेत विचारा, कारण तो ओढाही कुठल्या ना कुठल्या नदीला धरून पंढरीला निघालेला असतो. ते "बघू, माउली" म्हणाले. दुसऱ्या दिवशी कीर्तनात त्यांनी नदीचा विषय काढला. दोनच वाक्ये बोलले, पण बोलले.

भाचीला फोनवर ते सांगितले. ती म्हणाली, "मामा, आता उत्तर मिळालं म्हणायचं?" मी म्हणालो, "सुरुवात झाली. आषाढीला येऊन बघ."