जहाजावरील झुंबा

कॅरिबियन समुद्रातील प्रवासी जहाजांच्या डेकवर झुंबाचे वर्ग भरतात. व्यायाम म्हणून त्यांत वावगे काही नाही. साठी उलटलेल्या बाईही तेथे निःसंकोच पाय उचलतात, हे थोडे नव्हे. आमची तक्रार निराळी आहे. कोलंबियाच्या बेतो पेरेझ यांनी १९९० च्या दशकात घडविलेल्या या प्रकारात कुंबिया आहे, आणि कुंबिया हे मुळात जोडीचे नृत्य. मध्यभागी वादक, स्त्रीच्या हाती पेटत्या मेणबत्त्या, पुरुष तिच्याभोवती घोटाळणारा. डेकवर मात्र सर्वांची नजर शिक्षकाकडे. आमच्या फुगडीत एकीचा हात सुटला तर दोघीही पडतात. येथे शेजारीण उठून गेली तरी कोणास कळत नाही. यांतील काही जहाजे कोलंबियाच्या कार्ताहेना बंदरात थांबतात. तो किनारा कुंबियाचाच. त्या दिवशी तरी वर्ग बंद ठेवून प्रवाशांस खाली उतरवावे, एवढाच आमचा अर्ज.