'द फिनॉमिनन ऑफ मॅन' : चिंतन की विज्ञान?

परमेश्वराने मातीतून मानव घडविला, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले मूल शाळेत उत्क्रांतीचा धडा वाचते आणि यातले खरे कोणते, असे घरी विचारते. या प्रश्नाला पाठ न दाखविणारा ग्रंथ म्हणून येशूसंघीय धर्मगुरू पियेर तेयार द शार्दँ यांच्या 'द फिनॉमिनन ऑफ मॅन'कडे आम्ही पाहतो.

फादर तेयार जीवाश्मशास्त्रज्ञ होते. चीनमध्ये सापडलेल्या 'पेकिंग मानवा'च्या संशोधनात त्यांचा सहभाग होता. वरिष्ठांनी अनुमती नाकारल्याने हा मूळ फ्रेंच ग्रंथ १९५५ साली, त्यांच्या मृत्यूनंतरच प्रसिद्ध झाला. जड द्रव्यातून जीव, जीवातून विचार आणि अखेर सर्वांना स्वतःकडे ओढणारा 'ओमेगा बिंदू', असा त्याचा विशाल पट आहे. निर्मिती एकदाच घडून संपली नाही, ती आजही चालू आहे, ही दृष्टी वाचकाला नम्र करते.

मात्र हा ग्रंथ केवळ वैज्ञानिक प्रबंध म्हणून वाचावा, असे लेखक प्रस्तावनेत सांगतात, ते आम्हांस मान्य नाही. उत्क्रांतीला ठरलेले ध्येय आहे, हे अवशेषांवरून सिद्ध होत नाही. ते श्रद्धेच्या डोळ्यांना दिसते. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६१ साली ग्रंथावर केलेली टीका बोचरी असली, तरी हा ग्रंथ विज्ञान नव्हे, हा त्यांचा आक्षेप खोडता येत नाही. १९६२ साली रोमनेही लेखकाच्या विचारांविषयी सावधगिरीचा इशारा दिला.

दुसरी उणीव आम्हांस अधिक सलते. पहिल्या महायुद्धात जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या या धर्मगुरूने दुःख आणि पाप यांचा स्वतंत्र विचार १९४८ साली जोडलेल्या छोट्या पुरवणीत उरकला आहे. क्रूसाची छाया ग्रंथाच्या मध्यावर पडावयास हवी होती.

पोप पायस बारावे यांनी १९५० साली मानवी देहाच्या उगमाविषयीच्या संशोधनास वाव ठेवला. आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो, असे बजावले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांती ही केवळ कल्पना उरलेली नाही, असे मान्य केले. तेव्हा आपल्या मुलांना पाठ्यपुस्तक आणि बायबल यांपैकी एक टाकून देण्याची गरज नाही. फादर तेयार यांचा ग्रंथ त्यांच्या हाती अवश्य द्यावा. पण पुरावा म्हणून नव्हे, तर एका शास्त्रज्ञाचे प्रार्थनामय चिंतन म्हणून.