प्रतिस्पर्ध्याचे रसग्रहण

मराठीत समीक्षा उरली नाही, अशी तक्रार अधूनमधून वाचायला मिळते. ही तक्रार करणारी मंडळी मोठ्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी कोल्हापुरात कधी आलेली नसावीत. दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमवर 'शिवाजी' आणि 'पाटाकडील' यांची गाठ असली, की शिवाजी पेठेतल्या आणि मंगळवार पेठेतल्या कट्ट्याकट्ट्यांवर समीक्षेला तोंड फुटते. पुस्तक अजून लिहून व्हायचे असते, पण परीक्षण तयार असते. आणि हे परीक्षण आपल्या संघाचे नव्हे, समोरच्याचे. आपल्या संघाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तो उत्तमच आहे. त्यात बोलण्यासारखे काय आहे?

या वाङ्मयप्रकाराकडे आजवर कुणी गंभीरपणे पाहिलेले नाही. ते काम मी अंगावर घेतो आहे, कारण माझी पात्रता जरा वेगळी आहे. मी मूळचा सांगलीचा. अशा माणसाला कोल्हापुरात तटस्थ म्हणत नाहीत, 'बिचारा' म्हणतात. पण त्यामुळे एक सोय झाली. ऑफिसातले मित्र शिवाजी पेठेत आणि सासुरवाडी मंगळवार पेठेत. एकाच संध्याकाळी दोन्हीकडचा चहा पिऊन दोन्हीकडची परीक्षणे ऐकण्याचा मान मला मिळतो. ॲसिडिटी होते, पण अभ्यासासाठी माणसाने काहीतरी सोसले पाहिजे.

आधी थोडी पूर्वपीठिका. गाव कुस्तीचे. १९०२ साली युरोपच्या प्रवासात शाहू महाराजांनी रोमचे ते प्रचंड प्रेक्षागार पाहिले आणि १९१२ पर्यंत खासबागेचे मैदान उभे राहिले, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. त्यामुळे या गावात फुटबॉल आला तो उतरला तालमीतच. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावे ऐकून परगावच्या पाहुण्याला वाटते, आता लंगोट लावलेले अकरा गडी येणार. येतात ते बूट घालून. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, पुढे लीगचे गट पडले, वेळापत्रके छापली जाऊ लागली; पण समोरच्याला तोलायची नजर मात्र आखाड्यातलीच राहिली. कुस्तीत आधी 'जोड' बघतात. वस्ताद पैलवानाची मान बघतो, मांडी बघतो, दम बघतो आणि मग सांगतो, काटा जोड आहे की नाही. तीच नजर इथे समोरच्या बॅकच्या अंगावरून फिरते. "पोरगं उंच हाय, पण बूड हलकं हाय. खांदा लागला की गेलं!" एवढ्या थोड्या शब्दांत एवढे मोठे मूल्यमापन आमच्या विद्यापीठीय समीक्षकांना साधलेले मी पाहिलेले नाही.

कट्ट्यावर समीक्षेचे निरनिराळे संप्रदाय नांदतात. वस्तादी संप्रदायाबद्दल सांगितलेच. दुसरा ऐतिहासिक. याचे अध्वर्यू बहुधा कोपऱ्यातले आण्णा असतात. ते खेळाडूकडे बघतच नाहीत. त्याच्या चुलत्याकडे बघतात. "ह्येचा चुलता असाच. पहिली पंधरा मिनिटं वाघ, मग शेळी." चुलत्याने बूट खुंटीला टांगून तीस वर्षे झालेली असतात, पण पुतण्याने घरची शेळी सांभाळलीच पाहिजे, असा आण्णांचा आग्रह असतो. पुतण्या शेवटच्या मिनिटाला गोल मारतो, तेव्हा आण्णा शांतपणे म्हणतात, "आईच्या वळणावर गेलाय."

तिसरा संप्रदाय चरित्रात्मक. "त्याचं लगीन ठरलंय. पोरगी कागलची. आता कसला हेड मारतोय!" ही बातमी कुठून येते? तर सगळीकडून. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडात मोठा गहजब झाला. लीड्स युनायटेडचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी डर्बी काउंटीचा सराव चोरून बघायला माणूस पाठवला होता. तो सापडला. बिएल्सांनी पत्रकार बोलावले आणि आपण सगळ्याच प्रतिस्पर्ध्यांवर अशी पाळत ठेवतो, हे तासाभराहून जास्त वेळ साग्रसंगीत समजावून सांगितले. क्लबला दंड झाला दोन लाख पौंड. हे गृहस्थ अर्जेंटिनाचे; म्हणजे आमच्या निम्म्या गावाला घरच्यासारखे. ते कोल्हापुरात असते, तर काम एका कटिंग चहात झाले असते. गांधी मैदानावर सराव चालतो, त्याला ना कुंपण ना पडदा. उरलेली माहिती लग्नसंबंधांतून मिळते. समोरच्या गोलकीपरची आत्या आपल्याच बोळात राहत असेल, तर हेर कशाला ठेवायचा?

चौथा संप्रदाय नवा, आकडेवाल्यांचा. हातात मोबाईल, त्यात समोरच्यांच्या मागच्या सगळ्या मॅचेसचे व्हिडिओ. "मामा, ह्येंचा निम्म्याच्या वर बॉल डावीकडनं येतोय."

"बरं. आणि गोल?"

"गोल... उजवीकडनं."

मामा काही बोलत नाहीत. फक्त चुना लावतात, तंबाखूला.

या चारही संप्रदायांची परीक्षा पाहिली ती नायजेरियाहून इथल्या संघांत खेळायला आलेल्या खेळाडूंनी. चुलता ठाऊक नाही, सोयरीक ठाऊक नाही, आत्या तर नाहीच नाही. ऐतिहासिक आणि चरित्रात्मक दोन्ही बाजू लंगड्या पडल्या. मग कट्ट्याने एक नवा निकष काढला. भर एप्रिलात, लागोसच्या बाजूने आलेल्या माणसाबद्दल मी या कानांनी ऐकले आहे, "गडी चांगला हाय, पण त्याला ऊन सोसत न्हाई."

आता दोष सांगतो, नाहीतर हे परीक्षण न राहता प्रस्तावना होईल. सहा वाजता मी शिवाजी पेठेत ऐकतो: "त्यांची सगळी भिस्त एकावर. त्याला धरला की खेळ खलास. आणि उत्तरार्धात त्यांना दम न्हाई." आठ वाजता मंगळवार पेठेत ऐकतो: "सगळी भिस्त एकावर. त्याला धरला की झालं. उत्तरार्धात दम कुठं हाय त्यांना?" शब्दाला शब्द! वाङ्मयचौर्याचा आरोप करावा, तर कुणी कुणाचे चोरले हे ठरत नाही. दुसरा दोष, रेफ्रीचा. दोन्हीकडे तो 'त्यांचा' असतो. हा बिचारा माणूस नेमका कुणाचा, हे त्याच्या घरच्यांनाही सांगता येणार नाही. तिसरा आणि मोठा दोष म्हणजे पुनर्मुद्रण नाही. निकाल लागला की आदल्या संध्याकाळचे परीक्षण कुणाला आठवत नाही. लेखकाला निदान जुने लेख विरोधकांनी उकरून काढण्याची भीती असते. इथे तीही नाही.

इतके असूनही हा प्रकार मला मोलाचा वाटतो. का, ते सांगतो. एकदा परीक्षण रंगात आले होते आणि समोरच्यांचा सेंटर फॉरवर्ड गुडघा धरून बसल्याची बातमी आली. पोरांनी टाळ्या पिटल्या. आण्णा मात्र अस्वस्थ झाले. "खेळतोय नव्हं उद्या?" त्यांनी दोनदा विचारले. पोरे हसली. आण्णा म्हणाले, "हसू नगा. तो नसला तर जिंकून काय करायचं? जोड बरोबर पायजे."

वर्ल्ड कप आला की इथे ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे घराघरांवर चढतात. पण ८ जुलै २०१४ ला जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे हरवले, ते दुःख चार दिवसांत ओसरले. शेजारच्या पेठेकडून एका गोलने झालेला पराभव मात्र वर्षानुवर्षे पुरतो. कारण जर्मनीच्या बॅकचा चुलता कुणी पाहिलेला नाही. हरण्याचे खरे दुःख व्हायलासुद्धा समोरचा ओळखीचा लागतो.

इथल्या फुटबॉलला भांडणांचा डाग आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. स्टेडियममध्ये बाटल्या आणि दगड आले आहेत, पोलिसांच्या रांगा आल्या आहेत, चालू खेळ थांबला आहे. अशा वेळी मी एक गोष्ट बघत आलो. दगड उचलणारा कट्ट्यावरचा समीक्षक सहसा नसतो. त्याला समोरच्या बॅकचे नावसुद्धा माहीत नसते, फक्त जर्सीचा रंग माहीत असतो. ज्याने त्या बॅकच्या मांडीपासून त्याच्या लग्नापर्यंतचा अभ्यास केला आहे, तो शिव्या देईल, चार पिढ्यांचा उद्धार करील, पण त्याचे डोके फुटू देणार नाही. पुढच्या सीझनला परीक्षण कुणाचे लिहायचे? मला काळजी वाटते ती याची, की कट्टे ओस पडत आहेत आणि रंग तेवढे गडद होत आहेत.

मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले तेव्हाची गोष्ट. पुढे जरा सैल झाल्यावर मंडळी तोंडाला मास्क लावून, अंतर ठेवून कट्ट्यावर बसू लागली. बोलणे जमेना. आपला संघ होता, आपली पोरे घरातच होती. पण त्यांच्याविषयी काय बोलणार? ती उत्तमच. नव्हता तो समोरचा. अख्खी संध्याकाळ भावांच्या वाटण्या आणि भाजीचे दर यांवर गेली. असे निकृष्ट वाङ्मय त्या कट्ट्यावर मी त्याआधी ऐकले नव्हते.

तेव्हा एकंदर अभिप्राय असा: हा प्रकार पक्षपाती आहे, अतिशयोक्त आहे, पुराव्याशी त्याचे वाकडे आहे, पण समोरच्या माणसाकडे इतके टक लावून पाहणारे दुसरे काही मला माहीत नाही. तो टिकला पाहिजे. सुधारणा एकच सुचवतो. मॅच संपल्यावर हरलेल्यांनी जिंकलेल्यांच्या कट्ट्यावर जाऊन आदल्या दिवशीचे आपले परीक्षण सगळ्यांसमोर पुन्हा म्हणून दाखवावे आणि जिंकलेल्यांनी त्यांना चहा पाजावा. ही सूचना मी दोन्ही पेठांत मांडली. दोन्हीकडे ती एकमताने मंजूर झाली, कारण चहाचा खर्च आपल्यावरच पडणार, याची दोन्हीकडे खात्री होती.