घाबरू नका म्हणणारी पुस्तकं

गणिताची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली संख्याशास्त्राची पाच-सहा पुस्तकं गेल्या काही महिन्यांत मी ओळीने वाचली, आणि शेवटी राग आला तो त्यांच्या मायाळूपणाचा. नील सॅल्किंड यांनी 2000 साली विद्यार्थ्याचा तिटकारा थेट पुस्तकाच्या नावात घातला. तेव्हापासून या धीर देण्याला बाजारात मोल आलं. अँडी फील्ड यांचा ग्रंथ विनोद आणि आत्मकथन पेरत पेरत हजार पानांपलीकडे गेला. 2016 साली त्यांनी संख्याशास्त्राची सचित्र साहसकथाच लिहिली. पण चित्रं आणि विनोद बाजूला काढले की यांतल्या बहुतेक पुस्तकांत खाली जुनीच उतरंड सापडते: सरासरी, मध्यक, प्रमाणविचलन, प्रसामान्य वक्र, मग चाचण्यांची रांग. सुई टोचताना डॉक्टर मुलाला खिडकीतला कावळा दाखवतात. इथे कावळे वाढले, सुई तीच राहिली.

मानसशास्त्र, नर्सिंग, अर्थशास्त्राचे विद्यार्थी बेरीज-भागाकाराला भीत नाहीत. हे सगळं कुठल्या प्रश्नासाठी चाललं आहे हे न सांगता कामाला जुंपलं जातं, त्याला ते भितात. ही भीती रास्त आहे. तिच्यावर विनोदाचा उतारा चालत नाही.

खरा उतारा 1978 सालीच निघाला होता. बर्कली विद्यापीठातल्या फ्रीडमन, पिसानी आणि पर्व्हेस यांच्या पुस्तकात बीजगणित जवळजवळ नाही, थट्टामस्करी फारशी नाही, आणि पहिल्या प्रकरणात सूत्रही नाही. तिथे 1954 सालची साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी आहे. पालकांनी संमती दिलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला लस, दुसऱ्याला मिठाचं पाणी. लस मिळालेल्यांत पोलिओचं प्रमाण लाखात 28, मिठाचं पाणी मिळालेल्यांत 71. इथवर सोपं आहे. पण ज्यांच्या पालकांनी संमतीच नाकारली, त्या मुलांत ते 46 होतं. लस यांनाही नाही आणि त्यांनाही नाही, मग 71 आणि 46 हा फरक आला कुठून?

वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहून गप्प बसावं. गणित नको म्हणणारी मुलंच भांडायला लागतात. उत्तर असं, की संमती देणारी घरं सरासरीने अधिक सुस्थितीतली होती, आणि पोलिओ हा स्वच्छतेच्या उलट चालणारा आजार. गरीब घरातल्या बाळाला आईकडून आलेलं संरक्षण अंगात असतानाच सौम्य संसर्ग होऊन जाई; सुखवस्तू घरातलं मूल त्याला मुके. म्हणजे लस घेतलेल्यांची तुलना संमती नाकारलेल्यांशी केली असती, तर लस होती त्याहून कमी गुणाची दिसली असती. दोन्ही गट एकाच मातीतले का हवेत, हे ज्याला इथे कळलं, त्याला यादृच्छिक विभागणीची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

संभाव्यतेचंही तसंच. बर्कलीच्या या तिघांनी एक पेटी आणि तीत आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, एवढंच साधन घेतलं. नाणं म्हणजे 0 आणि 1 अशा दोन चिठ्ठ्यांची पेटी. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच यांनी नाणं 10,000 वेळा उडवलं आणि 5,067 वेळा छापा आला. अपेक्षेहून 67 जास्त. ही नाण्यातली खोट मानायची की निव्वळ योगायोग? पेटी सांगते, इतक्या खेपांत 50 च्या आसपास चूक व्हायचीच. मतदानाचे अंदाजही याच पेटीत बसतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. डॅरेल हफ यांचं 1954 चं पुस्तक संशय शिकवतं, विचार शिकवत नाही. डेरेक राउन्ट्री यांनी 1981 मध्ये आकडेमोड वगळली, हे प्रामाणिक. पण झगडायला उदाहरणंच उरली नाहीत. बर्कलीच्या पुस्तकात बीजगणित नाही, तरी उदाहरणांचा रतीब आहे. डेव्हिड स्पीगेलहाल्टर 2019 मध्ये शिपमन या खुनी डॉक्टरच्या बळींच्या आकड्यांपासून सुरुवात करतात आणि ती सुरुवात उत्तम आहे. कुठलं बटण दाबा एवढंच सांगणाऱ्या, एसपीएसएस या सॉफ्टवेअरवरच्या पुस्तकांना पाठ्यपुस्तक म्हणायची माझी तयारी नाही.

आणि आपली मराठी गाइडं? प्रत्यक्ष पद्धत, लघुपद्धत, पदविचलन पद्धत! हाताने गुणाकार करायच्या काळात लघुपद्धतीने खरोखर श्रम वाचवले. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये गणकयंत्र आहे, तरी एकच सरासरी तीन वाटांनी काढायला लावून गुण दिले जातात, आणि ती सरासरी कशाची, ती काय लपवते, हे कोणी विचारत नाही. बीए-एमएची मुलं यालाच संख्याशास्त्र समजून कायमची दूर जातात. हे नुकसान फार मोठं आहे.

खरं तर सरासरीवरचाच एक मोठा वाद पुण्यात घातला गेला आहे. 1971 साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दरडोई रोज 2,250 उष्मांक ही गरिबीची रेघ धरून ग्रामीण भागातले 40 टक्के आणि शहरांतले 50 टक्के लोक तिच्याखाली मोजले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, निरोगी माणसाची स्वतःची गरजही स्थिर नसते, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी नव्हे. रेघ सरासरीतून दोन प्रमाणविचलनं वजा करून ओढा. दांडेकरांना हे पटलं नाही. रेघ हलली की भुकेल्यांची संख्या बदलते. प्रमाणविचलन म्हणजे काय हे शिकवायला याहून मोठं उदाहरण आपल्याला कुठे मिळणार?

मराठीत असं पुस्तक लिहू शकणारे प्राध्यापक आहेत. त्यांना विनंती अशी: पहिलं प्रकरण या वादाचं करा, पेटी-चिठ्ठ्या उचलून आणा, पदविचलन पद्धत गाळा, आणि प्रस्तावनेत विद्यार्थ्याला घाबरू नका असं एकदाही सांगू नका.