जे कोरायचे नाही ते

संग्रहालयात होपी बाहुल्या बैठकीवर उभ्या केलेल्या असतात. फिनिक्सच्या हर्ड म्युझियमला सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी 1964 साली एकट्याने 437 बाहुल्या दिल्या. पण होपींच्या घरात ही बाहुली उभी नसायची. ती दोरीने भिंतीवर टांगलेली असायची, आणि या कलेचे पुढे जे झाले त्याची सुरुवात या फरकातच आहे.

ईशान्य ॲरिझोनातल्या तीन मेसांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या पठारांवर, होपी या मूळनिवासी अमेरिकन लोकांची गावे आहेत. शेती मक्याची आणि पावसाच्या भरवशावरची. पाऊस, पीक, आयुरारोग्य घेऊन येणारी अदृश्य शक्तिरूपे म्हणजे कात्सिना. हिवाळ्यात ते गावात येतात आणि जुलैतल्या निमान सोहळ्यानंतर फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांकडे परततात. पोवामुया आणि निमान या सोहळ्यांत ते मुलींना बाहुली देतात. तिला ‘तिहू’ म्हणतात. तान्ह्या मुलीची तिहू चपटी, फळीसारखी. आपल्याकडे मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते, तसे इथे काही नाही. तिहूची पूजा होत नाही आणि ती खेळणेही नाही. मुलीच्या वाढीसाठी, सुफलतेसाठी केलेली प्रार्थना तिच्यासोबत घरात येते.

लाकूड कॉटनवुडच्या वाळलेल्या मुळाचे: हलके, मऊ, आणि जन्मभर पाण्याचा माग काढलेले. जुन्या तिहूचे डोके मोठे, हात पोटाशी घट्ट, पाय म्हणजे दोन खुंट. धड केवळ चेहऱ्याला आधार म्हणून. कात्सिना ओळखायचा तो चेहऱ्यावरच्या खुणांवरून, मग पोटऱ्या कशाला कोरायच्या?

1905 मध्ये ग्रँड कॅन्यनच्या काठावर ‘होपी हाउस’ उघडले आणि फ्रेड हार्वे कंपनीच्या पर्यटकांना आठवण म्हणून न्यायला बाहुली मिळू लागली. कपाटात ठेवायची तर ती उभी राहायला हवी. म्हणून बैठक आली, बैठकीमुळे पाऊल आले, पावलामागोमाग नाचाचा पवित्रा. पक्षिसंरक्षणाच्या कायद्यांमुळे खरी पिसे लावून विकणे अडचणीचे झाले, तेव्हा पिसेही लाकडातच कोरली जाऊ लागली. विजेच्या हत्यारांनी एकेक तंतू काढला. या ‘ॲक्शन’ बाहुल्यांतले कसब थक्क करणारे आहे, आणि नेमके तेच मला खटकते. स्नायू इतके खरे झाले की माणूसच दिसतो. कात्सिना मागे राहतो. होपी कोरीवकार मॅनफ्रेड सुसुन्केवा यांनी 1970 च्या दशकात मातीचे रंग आणि ताठ, मुक्या आकृत्या पुन्हा हाती घेतल्या, तो मला या कलेतला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. अर्थात बाजाराने जुन्या वळणालाही लवकरच चढा भाव दिला.

त्याआधीच एकाने वेगळी वाट काढली होती. ओरायबीचे गावप्रमुख विल्सन तवाक्वाप्तेवा पर्यटकांना बाहुल्या विकत, पण त्यांवर एका कात्सिनाची खूण दुसऱ्याच्या खुणेत मिसळलेली असे. गिऱ्हाइकाला बाहुली मिळे, कात्सिना मिळत नसे. कलेच्या इतिहासात त्यांना विक्षिप्त म्हणून बाजूला टाकणे सोपे आहे. मला मात्र त्यांच्या कामाइतके सजग कोरीवकाम दुसरे दिसत नाही.

काय विकायचे आणि काय नाही, ही रेघ होपी आजही ओढतात. बाहुली विकण्याबाबत त्यांच्यात मतभेद आहेत. विधीतल्या मुखवट्यांबाबत नाहीत, कारण ते त्यांच्या लेखी सजीव आहेत. 2013 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने अशा मुखवट्यांचा लिलाव थांबवायला नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरच्या लिलावात ॲनेनबर्ग फाउंडेशनने 24 वस्तू गुपचूप विकत घेतल्या, त्या परत करण्यासाठीच. काय दाखवायचे, याचीही अशीच रेघ आहे: 1992 मध्ये एका अमेरिकन कॉमिकमध्ये कात्सिनांचे विकृत चित्रण आले, तेव्हा होपींच्या अनेक गावांनी परक्यांना कात्सिना नृत्ये बंद केली.

त्यामुळे आम्ही समीक्षक या कलेची अवस्था म्हणून जे मोजतो ते दुकानात आणि लिलावात आलेले काम. पोवामुयाच्या पहाटे एखाद्या मुलीच्या हाती पडलेली तिहू कशी कोरली होती, यावर मत द्यायला आम्हाला कुणी बोलावलेले नाही.