शेवटचा पोर्टफोलिओ आणि मालानींची ‘युटोपिया’

आपल्या सातारा-सांगलीकडचे व्हिडिओ आर्टचे पोर्टफोलिओ पाहिले की एक गोष्ट लगेच जाणवते. ते शोरीलसारखे असतात. तीन मिनिटं, दर चार सेकंदाला कट, खाली संगीत. कासचं पठार ड्रोनमधून, कृष्णेचा पूरही ड्रोनमधूनच. कॅमेरा चालवता येतो हे त्यातून कळतं, पण कॅमेरा चालवणारा माणूस काय शोधतोय याचा पत्ता लागत नाही. संशोधनाला प्रवेश देणारी समिती नेमकं तेच बघत असते बरं का.

म्हणून आज नलिनी मालानींच्या ‘युटोपिया’बद्दल. १९६९ साली त्या जे.जे.मधून बाहेर पडल्या. त्याच सुमारास अकबर पदमसींनी त्यांना मिळालेल्या नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं होतं. तिथे मालानींनी ‘ड्रीम हाउसेस’ ही छोटी रंगीत फिल्म केली. पुठ्ठ्याची मॉडेलं, रंगीत प्रकाश, एकेक फ्रेम थांबवून घेतलेली. नव्या आधुनिक शहराचं स्वप्न त्यात आहे, आणि ते खरंच सुंदर आहे. पुढे १९७६ मध्ये त्यांनी एक कृष्णधवल फिल्म केली. तिच्यात एक तरुणी उंचावरून खऱ्या मुंबईकडे बघत उभी आहे. या दोन फिल्म शेजारी-शेजारी लावल्या की ‘युटोपिया’ होते. चार मिनिटांपेक्षा कमी वेळाचं काम.

यात संशोधन कुठे आलं? माझ्या मते त्या दोन पडद्यांच्या मधल्या फटीत. मालानींनी जुनी फिल्म कच्ची म्हणून फेकून दिली नाही, नव्याने एडिटही केली नाही. स्वतःच्या आधीच्या विश्वासावर सात वर्षांनी शंका घेतली आणि दोन्ही तसंच ठेवलं. शीर्षक मला जरा जास्त बोलकं वाटतं, उपरोध आधीच कळून जातो. पण मांडणी पक्की आहे.

आता हे आपल्याकडे आणून बघा. समजा, तुमच्याकडे ऑगस्ट २०१९ च्या सांगलीच्या पुराचं फुटेज आहे आणि जतमधल्या टँकरचंही. दोन्ही शेजारी लावायचा मोह होणारच. एकाच जिल्ह्यात पूर आणि दुष्काळ! पण ही जोडी वर्तमानपत्रं दर वर्षी लावतात, त्यात तुम्ही कुठेच नाही. त्याऐवजी २०१९ ला घाबरून, हात थरथरत मोबाईलवर घेतलेला शॉट घ्या आणि २०२१ च्या पुरात त्याच घाटावर शांतपणे, ट्रायपॉडवर घेतलेला शॉट त्याच्याशेजारी ठेवा. दोन वर्षांत तुमची नजर सराईत झाली का? ती तशी झाली हे चांगलं की वाईट? हा प्रश्न घेऊन पाच वर्षं काम करता येतं. समितीसमोर बोलायलाही तो पुरतो.

म्हणजे निवडताना ‘माझं सर्वोत्तम काय’ यापेक्षा ‘माझं कोणतं काम माझ्याच दुसऱ्या कामाशी भांडतंय’ हे विचारा. दहा कामांपेक्षा चार ठेवा, पण ती पूर्ण ठेवा, तुकडे नकोत. प्रत्येकाखाली साल, कालावधी, किती पडदे, आवाज आहे की नाही, आणि खोलीत ते कसं लावायचं याचा साधा हाताने काढलेला नकाशा. स्टेटमेंट एक पान. त्यात ‘समाजाला आरसा’ वगैरे लिहू नका प्लीज.

शेजारी काय ठेवल्याने काय बदलतं हे शिकायचं तर औंधला जा. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात रवि वर्माही आहेत आणि हेन्री मूरही, तेही सातारा जिल्ह्यातल्या एका टेकडीवर.

आणि फाईली सांभाळा. त्याच वर्कशॉपच्या काळात पदमसींनी केलेल्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकच प्रिंट होती, ती हरवली. आशिम अहलुवालियांनी २०१६ मध्ये त्याच नावाची फिल्म केली, तेव्हा मूळ काम म्हाताऱ्या चित्रकाराच्या आठवणीतूनच पुन्हा उभं करावं लागलं. तुमचं काम अजून एकाच पेनड्राइव्हवर असेल तर आज रात्रीच दुसरी कॉपी काढा.